वरात आणि घोडं

१७ एप्रिल २०११, रविवारची रात्र. अमेरिकेत एचबीओवर 'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला भाग लागला. पहिल्या प्रक्षेपणाला सुमारे २२ लाख प्रेक्षक मिळाले आणि दोनच दिवसांनी वाहिनीने दुसरा सीझन मंजूर करून टाकला. या मालिकेचं मूळ ज्यांच्या डोक्यात होतं ते जॉर्ज आर. आर. मार्टिन तेव्हा ६२ वर्षांचे होते. खरं तर या आठवड्यात त्यांनी हार-तुरे स्वीकारत फिरायला हवं होतं. पण ज्या कादंबऱ्यांवर ही मालिका बेतली होती त्यांतलं पाचवं पुस्तक, 'अ डान्स विथ ड्रॅगन्स', अजून संपलेलं नव्हतं. ते १२ जुलैला दुकानांत येणार हे तर दीड महिना आधीच जाहीर होऊन गेलं होतं.

मला या प्रकरणात रस आहे तो एवढ्याचसाठी. पडद्यावरचं रूपांतर जवळ आलं की लेखकाचं काय होतं, याची आपल्या डोक्यातली चित्रं ठरलेली असतात. एकतर 'नशीब उघडलं', नाहीतर 'त्यांनी माझ्या गोष्टीचं वाटोळं केलं'. मार्टिन यांच्या बाबतीत त्या काळात यातलं काहीच घडलं नाही. घडलं ते असं की सहा वर्षं वाचकांच्या शिव्याशापांनी जे झालं नाही, ते दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाने करून दाखवलं. पुस्तक पूर्ण झालं. आणि ते झालं म्हणूनच पुढचा घोटाळा कोणाला दिसला नाही, असं माझं मत आहे.

थोडं मागे जावं लागेल. मार्टिन दूरचित्रवाणीला नवखे नव्हते. १९८३ साली त्यांची 'द आर्मागेडन रॅग' ही कादंबरी बाजारात सपशेल आपटली, इतकी की कादंबरीकार म्हणून पुढचा करार मिळणं अवघड झालं. मात्र त्याच कादंबरीच्या निमित्ताने एका निर्मात्याशी ओळख झाली होती. त्याने त्यांना 'द ट्वायलाइट झोन'च्या नव्या आवृत्तीसाठी लिहायला बोलावलं. मग सीबीएसवरच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'चं लेखन आणि निर्मितीचं काम आलं. पुढे एबीसी वाहिनीसाठी 'डोअरवेज' नावाचा स्वतःचा पायलट, म्हणजे चाचणीपुरता पहिला भाग झाला, पण त्याची मालिका कधीच बनली नाही. सुमारे दहा वर्षं त्यांनी हेच केलं. या काळातली त्यांची तक्रार एकच असायची. पहिला खर्डा दिला की उत्तर ठरलेलं: छान आहे, पण आपल्या बजेटच्या पाचपट आहे. मग पात्रं गाळा, लढाई काढा, दोन प्रसंगांचा एक करा.

१९९१मध्ये त्यांनी जे लिहायला घेतलं ते या कात्रीवरचा राग होता, असंच म्हटलं पाहिजे. कोणीही कापणार नाही असं काहीतरी लिहायचं. हवे तेवढे किल्ले, हवी तेवढी माणसं, हजारोंच्या फौजा आणि जोडीला ड्रॅगन. पहिलं पुस्तक १९९६ला आलं, दुसरं १९९८ला, तिसरं २०००ला. ही कथा पडद्यावर येऊच शकत नाही, असं ते स्वतःच सांगत असत. या वाक्यात खंत होती की समाधान, हे ज्याने त्याने ठरवावं. मला समाधान ऐकू येतं.

२००१नंतर मोठ्या पडद्यावर फँटसीला बरे दिवस आले, तसे स्टुडिओ त्यांच्या दाराशी येऊ लागले. प्रत्येकाला एका चित्रपटात मावेल एवढंच हवं होतं. कथेत मुख्य पात्रंच डझनभर; कोणी म्हणे, त्यातल्या फक्त जॉन स्नोची गोष्ट ठेवू. कोणी म्हणे, फक्त डेनेरिसची. मार्टिन नाही म्हणत गेले. हा नकार त्यांना परवडला, कारण तोवर पुस्तकं खपत होती. हे विसरून त्यांच्या तत्त्वनिष्ठेचे पोवाडे गाण्यात अर्थ नाही. १९८४ साली कोणी असा प्रस्ताव आणला असता तर त्यांनी काय केलं असतं, याचा अंदाज बांधणं कठीण नाही.

डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस हे दोघे लेखक २००६मध्ये त्यांना लॉस एंजेलिसच्या एका रेस्टॉरंटमध्ये भेटले. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत लांबलं. शेवटी मार्टिन यांनी विचारलं, जॉन स्नोची आई कोण? पुस्तकांत त्याचं उत्तर कुठेच सरळ दिलेलं नव्हतं. दोघांनी अंदाज बांधला आणि तो बरोबर निघाला. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती आता दंतकथा वाटते. पण तिच्यातला व्यवहार बघण्यासारखा आहे. आपलं काम सोपवण्याआधी लेखकाने पैशाची नव्हे, तर वाचनाची परीक्षा घेतली. जानेवारी २००७मध्ये एचबीओने हक्क घेतल्याची बातमी आली. वर्गणीवर चालणारी वाहिनी, म्हणजे मध्ये जाहिराती नाहीत. आणि दहा भागांत एक पुस्तक, म्हणजे कात्रीही बोथट. जुन्या तक्रारीला एवढं चांगलं उत्तर दुसरीकडे कुठे मिळालं नसतं.

इथून पुढे दोन कामं शेजारी शेजारी चालली, आणि हे प्रकरण त्या शेजाराचं आहे.

मालिकेचं काम सरळ पायऱ्यांनी पुढे गेलं. नोव्हेंबर २००८ला पायलटची ऑर्डर, २००९च्या शरद ऋतूत उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड आणि मोरोक्कोत चित्रीकरण, २ मार्च २०१०ला मालिकेला हिरवा कंदील. पायलट बराच फसला होता. तो जवळजवळ सगळा नव्याने चित्रित झाला. दिग्दर्शक बदलला, डेनेरिस आणि कॅटलिन या दोन महत्त्वाच्या भूमिकांतल्या अभिनेत्री बदलल्या. मार्टिन यांनी मोरोक्कोत डेनेरिसच्या लग्नात एका सरदाराची छोटीशी भूमिका केली होती, डोक्यावर भलीमोठी टोपी घालून. लग्नाचा प्रसंग नंतर माल्टात पुन्हा चित्रित झाला आणि टोपीसकट लेखक कापला गेला. कात्रीपासून वाचण्यासाठी ज्याने अख्खी पुस्तकमाला लिहिली, त्याच्यावरच ती चालली! त्यांनी हे हसत स्वीकारलं आणि मला वाटतं तेही खरं हसू होतं. दहा वर्षं पडद्याच्या धंद्यात काढलेल्या माणसाला ठाऊक असतं की रीशूटमध्ये कोणाचा मान राखत बसत नाहीत.

हाच अनुभव त्यांना दुसरीकडेही उपयोगी पडला. ते सहकार्यकारी निर्माते होते, कलाकारांच्या निवडीवर मत देत होते. टिरियन या पात्रासाठी पीटर डिंक्लेज हे नाव तर त्यांना आणि बेनिऑफ-वाइस यांनाही आधीपासूनच हवं होतं. पण रोजचा कारभार बेलफास्टला आणि मार्टिन सांता फेला, न्यू मेक्सिकोत. त्यांनी तिकडे मुक्काम ठोकला नाही. पहिल्या सीझनचा आठवा भाग, 'द पॉइंटी एंड', तेवढा त्यांनी स्वतः लिहिला. दहातला एक. हे प्रमाण मला फार विचारपूर्वक ठरवलेलं वाटतं: हात लागलेला राहावा, पण अडकू नये. दरम्यान मालिकेसाठी एका भाषातज्ज्ञाने पुस्तकांतल्या मोजक्या शब्दांवरून कथेतल्या एका जमातीची अख्खी दोथराकी भाषा उभी केली. मार्टिन यांनी गरजेपुरते शब्द बनवले होते, त्यापलीकडे त्यांना ती भाषा येत नव्हती. आपल्याच जगात आपल्याला न येणारी भाषा बोलली जाते आहे, हा अनुभव किती लेखकांना आला असेल?

आता दुसरं काम, म्हणजे टेबलावरचं. इथे मात्र पायऱ्या नव्हत्या.

तिसऱ्या पुस्तकानंतर कथेत पाच वर्षांची उडी मारायची, म्हणजे लहान पात्रं मोठी होतील, असा मूळ बेत होता. वर्षभर तसं लिहून पाहिल्यावर तो मोडीत काढला. काहींना ती उडी मानवत होती, काहींच्या बाबतीत पाच वर्षं काहीच घडलं नाही असं सांगावं लागत होतं. मग चौथं पुस्तक इतकं फुगलं की त्याचे दोन करावे लागले, आणि तेही काळानुसार नाही तर पात्रांनुसार. अर्धी माणसं 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये, उरलेली पुढच्यात. 'फीस्ट' २००५ला आलं. शेवटी लेखकाची एक टीप होती: उरलेल्या पात्रांचं पुस्तक पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे.

ती टीप त्यांना पुढची सहा वर्षं नडली. दिवाळी अंकाच्या संपादकाला 'उद्या देतो' म्हणणारे लेखक आपण पाहिले आहेत, पण त्यांचं ते 'उद्या' छापलेलं नसतं. हे लाखो प्रतींत छापलेलं होतं.

पुस्तक अडलं होतं ते मुख्यतः मीरीन या शहराभोवती. डेनेरिस तिथे आहे आणि जगाच्या वेगवेगळ्या टोकांकडून पाच-सहा माणसं तिच्याकडे निघाली आहेत. कोण आधी पोहोचतो यावर पुढचं सगळं अवलंबून. एकाला दोन प्रकरणं आधी आणलं की दुसऱ्याची कथा कोसळते. मार्टिन याला मीरीनची गाठ म्हणत. कथा प्रत्येक प्रकरणात एकाच पात्राच्या नजरेतून सांगायची हा त्यांचा नियम, म्हणून जिथे आपलं पात्र हजर नाही तिथे घडलेलं दाखवता येत नाही. शेवटी गाठ सुटली ती एक नवी नजर आत आणल्यावर. म्हातारा सरदार बॅरिस्टन सेल्मी शहरात होताच, त्याच्या डोळ्यांनी उरलेलं सांगितलं. वाचताना हे इतकं सहज वाटतं की यासाठी वर्षं गेली यावर विश्वास बसत नाही. पण ज्यांनी मोठं काही लिहिलं आहे त्यांना माहीत असेल, अडलेलं पुस्तक बहुतेक वेळा आळसाने अडलेलं नसतं. मागे, कुठेतरी दोनशे पानांपूर्वी केलेली एखादी निवड चुकलेली असते आणि तिच्यावर तोवर तीन मजले चढलेले असतात.

वाचकांना हे दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो ब्लॉग. त्यावर मार्टिन अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवर लिहीत, संमेलनांना जाऊन आल्याचं लिहीत, दुसऱ्यांचे संग्रह संपादित केल्याचं सांगत. सप्टेंबर २००७मध्ये रॉबर्ट जॉर्डन यांचं त्यांची दीर्घ फँटसी मालिका अपुरी ठेवून निधन झालं, त्यानंतर तर काही चाहते मार्टिन यांचं वय आणि वजन उघडपणे मोजू लागले. तुम्ही मेलात तर आमचं काय, हा प्रश्न माणसाला तोंडावर विचारला जात होता. फेब्रुवारी २००९मध्ये त्यांनी टीकाकारांना उद्देशून एक चिडलेली नोंद लिहिली. त्याच वर्षी मे महिन्यात लेखक नील गेमन यांनी एका वाचकाच्या प्रश्नाला जाहीर उत्तर दिलं. त्याचा सभ्य सारांश असा की मार्टिन तुमच्या घरी राबायला ठेवलेले नाहीत. वाक्य गाजलं. मला ते अर्धंच पटतं. पुस्तक विकत घेतल्याने लेखकाच्या वेळेवर हक्क मिळत नाही हे खरं. पण 'पुढच्या वर्षी' हे शब्द लेखकानेच लिहिले होते. पुढे त्यांनी तारखा देणं बंद केलं, ते योग्यच केलं.

तर अशा स्थितीत मार्च २०१० उजाडला आणि मालिका मंजूर झाली. पुढचे तेरा महिने हा या प्रकरणाचा गाभा आहे.

मार्टिन प्रवासात लिहू शकत नाहीत. हॉटेलात नाही, विमानात नाही, मित्राच्या घरीही नाही. सांता फेच्या घरी, डॉसवर चालणाऱ्या, इंटरनेट नसलेल्या जुन्या संगणकावर, वर्डस्टार ४.० या लेखनाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येच त्यांचं लेखन होतं. यामुळे हिशेब सोपा आणि निर्दय होतो. मालिकेसाठी दिलेला प्रत्येक दौरा, प्रत्येक मुलाखत, प्रत्येक पत्रकार परिषद म्हणजे पुस्तकाचे तेवढे दिवस वजा. जाण्यायेण्याचे आणि परत लयीत येण्याचे धरून थोडे जास्तच. मालिका जवळ येते तशी बोलावणी वाढतात. सामान्य तर्काने पुस्तक आणखी मागे पडायला हवं होतं.

ते पडलं नाही. कारण मला दिसतं ते असं. तोवर पुस्तकाला शेवटची तारीख होती ती फक्त लेखकाच्या मनात आणि वाचकांच्या रागात, आणि दोन्ही लवचीक होत्या. आता एक अशी तारीख आली जी बेलफास्टमधल्या शेकडो माणसांच्या पगाराशी बांधलेली होती आणि कोणाच्याही अडचणीसाठी हलणार नव्हती. एप्रिलमध्ये लाखो नवी माणसं या जगात शिरणार. दहा भाग १९ जूनला संपणार. त्यातली काही पुस्तकांच्या दुकानात जाणार, चार जुनी पुस्तकं उचलणार आणि पाचवं मागणार. प्रकाशकाच्या दृष्टीने असा उन्हाळा पुन्हा येणार नव्हता. ३ मार्च २०११ला तारीख जाहीर झाली: १२ जुलै. म्हणजे शेवटचा भाग संपल्यावर बरोबर तेवीस दिवसांनी.

लक्षात घ्या, पुस्तक संपलं म्हणून ही तारीख जाहीर झाली नव्हती. ती जाहीर झाली तेव्हा लेखक अजून लिहीत होता. ज्याने तारखा देणं सोडलं होतं त्याने सहा वर्षांनी, सगळ्या जगाच्या देखत, अपुऱ्या हस्तलिखितावर तारीख लावली. याला धाडस म्हणावं की प्रकाशकाने टाकलेला फास, यावर मी बराच विचार केला. बहुधा दोन्ही. गाठ सुटलेली होती, काठ दिसत होता; पण काठ दिसणं आणि काठाला लागणं यात ज्यांची हयात गेली अशांचे दाखले या धंद्यात भरपूर आहेत.

मधल्या काळात त्यांचं खासगी आयुष्यही थांबलेलं नव्हतं. १५ फेब्रुवारीला त्यांनी अनेक वर्षांच्या सोबतीण पॅरिस मॅकब्राइड यांच्याशी लग्न केलं. एप्रिलमध्ये 'द न्यू यॉर्कर'ने त्यांच्यावर आणि त्यांच्या उतावळ्या चाहत्यांवर दीर्घ लेख छापला. म्हणजे प्रीमियरच्या तोंडावर एवढ्या मानाच्या नियतकालिकात विषय कोणता, तर न आलेलं पुस्तक. प्रक्षेपणाच्या तीन दिवस आधी 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या समीक्षिकेने ही सगळी मुलग्यांना आवडणारी गोष्ट असल्याचं सुचवलं, आणि त्यातली शृंगाराची पेरणी बायकांना ओढण्यासाठी आहे असंही. त्यावर फँटसी वाचणाऱ्या बायका इतक्या तुटून पडल्या की मार्टिन यांना स्वतः फारसं बोलावंच लागलं नाही. त्यांनी आपल्या वाचकांत स्त्रिया खूप आहेत एवढी नोंद केली आणि ते कामाला लागले.

प्रीमियर झाला. साधारण दहा दिवसांनी, एप्रिलच्या अखेरीस, त्यांनी ब्लॉगवर कळवलं की किंग काँग पडला. पुस्तकाला ते गंमतीने हेच नाव द्यायचे. हस्तलिखित दीड हजारांहून अधिक पानांचं. १२ जुलैला ते ठरल्याप्रमाणे बाजारात आलं आणि पहिल्याच दिवशी कागदी, डिजिटल आणि ध्वनी मिळून सुमारे २,९८,००० प्रती गेल्या. घोडं वरातीच्या जरा मागे होतं, पण लग्न लागण्याआधी मांडवात पोहोचलं.

इथे हे प्रकरण मिटवलं तर ती यशोगाथा होईल. मला मात्र त्या उन्हाळ्यातला एक हिशेब खुपतो, जो तेव्हा बोटांवर करता आला असता. हाताशी पाच पुस्तकं. दर वर्षी एक सीझन. एका पुस्तकाला एक सीझन धरला तरी २०१५पर्यंतची बेगमी. तिसऱ्या पुस्तकाचे दोन सीझन होतील हे धरलं तर आणखी एक वर्ष. पण चौथं आणि पाचवं एकाच काळात घडतं, म्हणून पडद्यावर ती दोन्ही मिळून एकच सीझन होण्याचा धोका होता, आणि झालंही तसंच. दुसऱ्या बाजूला लेखकाचा वेग: शेवटच्या दोन पुस्तकांना अकरा वर्षं. उरलेली दोन पुस्तकं चार-पाच वर्षांत लिहून होतील असं मानायला २०११मध्ये एकच आधार होता, तो म्हणजे नुकतंच तारखेवर आलेलं पुस्तक. आणि तो आधार फसवा होता. तारखेने शेवटची चढण चढवून घेतली होती. गाठ तिने सोडवली नव्हती. मालिका मंजूर झाली तेव्हा त्या पुस्तकाची कितीतरी वर्षं आधीच खर्च झालेली होती. सहाव्या पुस्तकाला अशी जुनी शिल्लक नव्हती, आणि बोलावणी मात्र आता दसपट होती.

मार्टिन यांना हे कळलं नाही असं नाही. २०१३मध्ये बेनिऑफ आणि वाइस आठवडाभर सांता फेला येऊन बसले आणि शेवट काय आहे ते विचारून गेले. मागून इंजिन येतं आहे आणि आपण पुढे रूळ टाकतो आहोत, अशी उपमा मार्टिन त्या सुमारास देत. चौथ्या सीझननंतर त्यांनी मालिकेसाठी भाग लिहिणं थांबवलं, पुस्तकासाठी. प्रकाशकांनी पुन्हा तोच डाव मांडला: ऑक्टोबर २०१५अखेर हस्तलिखित द्या, म्हणजे सहाव्या सीझनआधी पुस्तक आणू. ती मुदत गेली. मग वर्षअखेरची ठरली.

२ जानेवारी २०१६ला त्यांनी ब्लॉगवर लांबलचक नोंद लिहिली की तीही गेली, पुस्तक झालेलं नाही, आणि या वेळी मालिका पुढे निघून जाईल. सहावा सीझन २४ एप्रिलला सुरू झाला. जॉन स्नोची आई कोण, हे जगाला त्याच सीझनच्या शेवटच्या भागात, पडद्यावर कळलं.